आढावा घ्यायचा, पण कोणत्या प्रकारचा? नव्या संशोधकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पीएच.डी.चा विषय मान्य झाला की मार्गदर्शक पहिले काम सांगतात ते पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे. विद्यार्थी वाचू लागतो, टिपणे काढतो, फाइल फुगत जाते, आणि शेवटी 'अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला, त्यात असे आढळले' अशा परिच्छेदांची माळ म्हणजे प्रबंधाचे दुसरे प्रकरण ठरते. वाचन कमी पडल्यामुळे असे होते, असे मला वाटत नाही. आपण कोणत्या प्रकारचा आढावा घेत आहोत, हे वाचायला बसण्यापूर्वी ठरवलेलेच नसते, आणि त्यामुळे काय वाचायचे, किती वाचायचे आणि कुठे थांबायचे याला काही धरबंध राहत नाही.

ग्रँट आणि बूथ यांनी २००९ मध्ये अशा आढाव्यांचे चौदा प्रकार नोंदवले होते. त्यानंतर त्यांत भरच पडली आहे. नव्या संशोधकाने ही सारी नावे पाठ करण्याची गरज नाही. चार प्रकार नीट समजले आणि आणखी चार-पाचांची तोंडओळख झाली, तरी बहुतेकांचे काम भागते. पुढील टप्पे त्या बेताने मांडले आहेत. उदाहरणे मुद्दाम खान्देशातील घेतली आहेत, कारण जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील विद्यार्थ्यांचे विषय बहुधा याच मातीतले असतात आणि स्थानिक विषयाच्या आढाव्यात काही अडचणी अशा येतात की ज्या परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत.

पहिला टप्पा : प्रश्न एका वाक्यात लिहा

विषय आणि प्रश्न यांत गल्लत करू नये. 'सातपुड्यातील आदिवासी समाजांमधील सिकल सेल आजार' हा विषय झाला (सिकल सेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार). त्यातून निदान तीन वेगळे प्रश्न निघतात आणि प्रत्येकाला वेगळ्या प्रकारचा आढावा लागतो.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने रुग्णांना येणारे तीव्र वेदनेचे झटके किती कमी होतात, असे विचारले तर उत्तर मोजमापाच्या स्वरूपात हवे असते. या औषधाची एक मोठी नियंत्रित चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढेही चाचण्या होत राहिल्या. त्या सर्व शोधून, पारखून, त्यांचा निष्कर्ष एकत्र काढणे म्हणजे पद्धतशीर आढावा, ज्याला सर्वजण सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. भिल्ल, पावरा, कोकणा इत्यादी समाजांतील या आजारावर आजवर कोणकोणत्या अंगांनी काम झाले आणि कोणती अंगे कोरी राहिली, असे विचारले तर प्रश्न विस्ताराचा आहे. तिथे स्कोपिंग रिव्ह्यू लागतो. आणि या आजाराकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली, म्हणजे १९१० मध्ये हेरिक यांनी केलेल्या पहिल्या वर्णनापासून, १९४९ मध्ये पॉलिंग व सहकाऱ्यांनी त्याला रेणूच्या पातळीवरचा आजार ठरवल्यापासून, १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये तो आढळल्याच्या नोंदीपासून, ते २०४७ पर्यंत उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवून २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेपर्यंतचा प्रवास कसा झाला, असे विचारले तर उत्तर कथनाच्या रूपातच देता येते. तो नॅरेटिव्ह रिव्ह्यू होय.

विषय एकच, पण शोधण्याची, निवडण्याची आणि लिहिण्याची रीत तिन्ही वेळा वेगळी. प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर प्रकार निवडण्याची घाई करू नये.

दुसरा टप्पा : प्रकार ओळखा

नॅरेटिव्ह रिव्ह्यू हा सर्वांत जुना आणि आजही प्रबंधांत सर्वाधिक आढळणारा प्रकार. अलीकडे त्याला कमी लेखण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. अहिराणीचे उदाहरण घ्या. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या खंडात ग्रिअर्सन यांनी खान्देशीची मांडणी भिल्ली भाषांसोबत केली. ती मराठीची बोली, गुजरातीकडे झुकलेली मिश्र बोली की स्वतंत्र भाषा, यावर अभ्यासकांची मते विभागलेली राहिली. जनगणनेत खान्देशीची नोंद मराठीहून वेगळी होते आणि अहिराणी तिच्याखाली मोजली जाते. हा वाद कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि कोणी कोणाचे म्हणणे का खोडले, हे सांगायचे असेल तर गणिती बेरीज उपयोगाची नाही. तेथे जाणकाराने निवड करून, मुद्द्याला मुद्दा जोडूनच लिहावे लागते. मात्र निवड कशी केली, हे सांगण्याची जबाबदारी त्याचीच राहते. नॅरेटिव्ह रिव्ह्यूचा दर्जा तपासण्यासाठी २०१९ मध्ये 'सॅनरा' नावाची सहा मुद्द्यांची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. आढाव्याचे महत्त्व, उद्दिष्ट, साहित्यशोधाचे वर्णन, संदर्भ, शास्त्रीय युक्तिवाद आणि माहितीची मांडणी यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देता येतात. आपले प्रकरण तिच्यावर एकदा तपासून पाहावे.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचे मर्म असे की सर्व नियम आधी ठरतात आणि लिहून ठेवले जातात. कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते वगळायचे, कुठे शोधायचे, दर्जा कसा पारखायचा हे पेपर हाती येण्यापूर्वी निश्चित असते, त्यामुळे आपल्या मताला सोयीचे तेवढे वेचण्याला आळा बसतो. वैद्यकशास्त्राने आपल्या चाचण्यांचा असा गोषवारा वेळोवेळी काढला नाही, अशी टीका ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ मध्ये केली होती, आणि असे आढावे तयार करणारी, त्यांच्याच नावाची संस्था १९९३ मध्ये उभी राहिली. त्या संस्थेच्या बोधचिन्हात एक आलेख आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइड दिल्यास बाळ वाचण्याची शक्यता वाढते, हे दाखवणाऱ्या चाचण्यांचा तो आलेख. त्यांपैकी पहिली चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली होती, पण त्या सर्वांचा एकत्रित पद्धतशीर आढावा १९८९ पर्यंत आला नाही, आणि मधल्या काळात अनेक डॉक्टरांपर्यंत हा उपचार पोहोचलाच नाही. शिक्षण, समाजकल्याण, गुन्हेगारी या विषयांसाठी २००० साली कॅम्पबेल नावाची तशीच संस्था सुरू झाली. त्यामुळे हा प्रकार फक्त डॉक्टरांचा, असा समज नसावा.

मेटा-ॲनालिसिस हा स्वतंत्र आढावा मानला जातो, पण खरे पाहता ते सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या शेवटी करता येणारे, आणि प्रत्येक वेळी करता येईलच असे नसलेले, अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एकच आकडा काढण्याचे संख्याशास्त्रीय काम आहे. ही संज्ञा १९७६ मध्ये जीन ग्लास यांनी रूढ केली. आधी पद्धतशीर शोध न घेता हाती लागलेल्या आठ-दहा पेपरांच्या आकड्यांची सरासरी काढली, तर त्याला मेटा-ॲनालिसिस म्हणता येत नाही.

येथे रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे उदाहरण बोलके आहे. ठिबक सिंचनाने केळीचे उत्पादन किती वाढते, या प्रश्नावर प्रयोगांचे अहवाल जमवले असे समजा. एका प्रयोगात उत्पादन हेक्टरी टनांत दिलेले असते, दुसऱ्यात घडाचे सरासरी वजन किलोत, तिसऱ्यात एकरी. एक प्रयोग पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या मृगबागेचा, दुसरा पावसाळा सरताना लावलेल्या कांदेबागेचा. एकात जुनी बसराई, तर दुसऱ्यात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन. तुलनेसाठी घेतलेल्या पाटपाण्याच्या पाळ्याही सारख्या नसतात. एकके बदलून घेता येतात, पण हंगाम, वाण आणि तुलनेचा आधार वेगळा असेल तर त्या फरकाला संख्याशास्त्रात विषमता म्हणतात. ती फार असेल, तर एकच एकत्रित आकडा छापणे ही वाचकाची दिशाभूल ठरते. अशा वेळी मृगबाग आणि कांदेबाग यांचे वेगळे गट करावेत, किंवा आकडे एकत्र न करता शब्दांत तुलना करावी आणि तसे का केले ते लिहावे. त्याहून वाईट सवय म्हणजे 'सात पेपर बाजूने, तीन विरोधात, म्हणून फायदा सिद्ध' अशी मतमोजणी. तीत बारा झाडांचा प्रयोग आणि बाराशे झाडांचा प्रयोग यांना सारखेच मत मिळते.

स्कोपिंग रिव्ह्यूची चौकट आर्क्सी आणि ओमॅली यांनी २००५ मध्ये मांडली. एखाद्या विषयावर कोणत्या प्रकारचे, कोणत्या गटांवर, कोणत्या पद्धतींनी काम झाले आहे, याचा नकाशा त्यातून तयार होतो. अभ्यासांचा दर्जा पारखणे त्यात सहसा बंधनकारक नसते, आणि म्हणूनच 'अमुक उपाय प्रभावी आहे' असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू झेपत नाही म्हणून स्कोपिंग करतो, असे म्हणणारे विद्यार्थी भेटतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे की विस्ताराचा प्रश्न असल्यामुळे स्कोपिंगमध्ये वाचावे लागणारे साहित्य पुष्कळदा जास्तच भरते. तरीही स्थानिक विषयांसाठी हा प्रकार मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण आपल्या भागातील अनेक विषयांवर नियंत्रित चाचण्या नसतातच. असतात ते विखुरलेले अहवाल, प्रबंध आणि सर्वेक्षणे.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. एकाच विषयावरील अनेक सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंचा आढावा म्हणजे अंब्रेला रिव्ह्यू. निर्णय घेण्याची घाई असताना काही टप्पे जाहीरपणे आखूड करून केलेला तो रॅपिड रिव्ह्यू. कोविडच्या काळात असे बरेच झाले. प्रायोगिक, अप्रायोगिक आणि सैद्धांतिक असे सर्व प्रकारचे साहित्य एकत्र घेणारा तो इंटिग्रेटिव्ह रिव्ह्यू, जो नर्सिंगमध्ये विशेष रुळला आहे. मुलाखतींवर आधारलेले अभ्यास एकमेकांच्या प्रकाशात वाचून नवा अर्थ लावण्याच्या रीतीला मेटा-एथ्नोग्राफी म्हणतात. ती १९८८ मध्ये नॉब्लिट आणि हेअर यांनी मांडली. सरदार सरोवराच्या बुडितामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतून उठावे लागलेल्या कुटुंबांच्या अनुभवांवरील अभ्यासांसाठी ती योग्य ठरेल.

रिॲलिस्ट रिव्ह्यूवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण जलसंधारणाच्या विषयाला तो नेमका लागू पडतो. नाले रुंद आणि खोल करून, त्यांवर साखळीने बंधारे बांधून भूजल वाढवण्याची शिरपूर तालुक्यातील रीत 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. ती यशस्वी आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. तापीकाठच्या गाळाच्या थरांत पाणी मुरण्याची क्रिया आणि काळ्या बेसॉल्ट खडकात मुरण्याची क्रिया एक नव्हे, शिवाय बंधाऱ्याची देखभाल कोण करते यावरही पुष्कळ अवलंबून असते. कोणता उपाय, कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या कारणाने लागू पडतो, हे शोधणे रिॲलिस्ट रिव्ह्यूचे काम.

तिसरा टप्पा : आराखडा लिहून ठेवा

एक-दोन पानांचा आराखडा पुरतो. उपचार किंवा उपाययोजनेचा प्रश्न असेल तर 'पिको' ही चौकट वापरतात : लोक कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता. स्कोपिंगसाठी लोकसमूह, संकल्पना आणि संदर्भ अशी त्रिसूत्री घेतात. याखेरीज कालमर्यादा, भाषा, अभ्यासांचे प्रकार आणि वगळण्याची कारणे लिहावीत. 'फक्त इंग्रजी' अशी भाषेची अट आपल्या विद्यार्थ्यांनी सवयीने घालू नये, कारण स्थानिक विषयावरचे अर्धे महत्त्वाचे साहित्य मराठीत असण्याचा संभव असतो.

आरोग्यविषयक सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा आराखडा 'प्रॉस्पेरो' या २०११ पासून चालू असलेल्या नोंदवहीत विनामूल्य नोंदवता येतो. स्कोपिंग रिव्ह्यू तेथे घेत नाहीत, त्यांच्यासाठी 'ओपन सायन्स फ्रेमवर्क' हे संकेतस्थळ वापरावे. नॅरेटिव्ह रिव्ह्यूला नोंदणीची अट नाही, तरी आराखड्याचा कागद मार्गदर्शकांना दाखवून त्यावर तारीख घालून ठेवणे हिताचे.

चौथा टप्पा : शोध

विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होते, आणि ते बहुधा गावांच्या आणि समाजांच्या नावांमुळे होते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे शोधपेटीत फक्त 'नंदुरबार' घातले तर त्याआधीचे बरेचसे अभ्यास निसटतात, कारण त्यांच्या शीर्षकात 'धुळे' असते. आणखी मागे गेल्यास 'पश्चिम खान्देश' घालावे लागते, कारण १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. त्याहून जुन्या कागदपत्रांत, उदाहरणार्थ १८८० च्या गॅझेटिअरमध्ये, नुसते 'खान्देश' आहे. अक्राणी हे तालुक्याचे नाव, धडगाव हे त्याच्या मुख्य ठिकाणाचे. एका लेखात एक तर दुसऱ्यात दुसरे सापडते. 'जळगाव' शोधले की बुलडाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदही जाळ्यात येते. पावरा हे नाव रोमन लिपीत कोणी 'व्ही' घालून लिहितो, कोणी 'डब्ल्यू' घालून, आणि मध्य प्रदेशाकडील अभ्यासांत त्यांच्याशी जवळचे नाते असलेला समाज 'बारेला' या नावाने येतो.

यावर उपाय असा की प्रत्येक संकल्पनेची एक यादी करावी. आजाराच्या यादीत सिकल सेल, हिमोग्लोबिन एस आणि जुन्या लेखनातील ड्रेपॅनोसायटोसिस, समाजाच्या यादीत वरील सर्व नावे सर्व वर्णलेखनांसह, ठिकाणाच्या यादीत जुनी-नवी जिल्हानावे. एका यादीतील शब्द 'ऑर'ने जोडावेत (म्हणजे त्यांतला कोणताही चालेल) आणि याद्या एकमेकींना 'अँड'ने (म्हणजे प्रत्येक यादीतला एक तरी शब्द हवा). समाजाची आणि ठिकाणाची यादी मात्र आपसात 'ऑर'ने जोडलेली बरी, नाहीतर समाजाचा उल्लेख आहे पण जिल्ह्याचा नाही असे पेपर गळतात.

शोध कुठे घ्यावा? वैद्यकासाठी पबमेड हे लेखांच्या नोंदींचे भांडार (डेटाबेस) विनामूल्य आहे. शेतीसाठी ॲग्रिस आणि कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांचे कृषिकोश हे भांडार. सर्व विषयांतील भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांना वर्गणी लागते, म्हणून ती आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतात का ते ग्रंथपालांना विचारावे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत, त्याचीही चौकशी करावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ गाठल्याशिवाय शोध पूर्ण झाला असे म्हणू नये. तेथील हस्तलिखितांचे काम घरबसल्या संगणकावर होत नाही. गूगल स्कॉलर सोयीचे आहे, पण ते एका शोधाचे पहिले हजारच निकाल दाखवते आणि तोच शोध पुन्हा घेतल्यास क्रम बदलू शकतो. म्हणून त्याला पूरक मानावे, एकमेव आधार मानू नये.

प्रत्येक शोधाची नोंद एका तक्त्यात ठेवावी : तारीख, भांडार, जशीच्या तशी शोधओळ, आणि मिळालेल्या नोंदींची संख्या. हे काम दोन मिनिटांचे आहे. ते त्याच दिवशी केले नाही, तर पुढे आठवणीवरून भरता येत नाही.

पाचवा टप्पा : छाननी

समजा सर्व भांडारांतून ६४० नोंदी मिळाल्या. झोटेरोसारख्या विनामूल्य साधनात त्या एकत्र केल्या आणि दुबार नोंदी काढल्या, तर ४९० उरल्या. शीर्षक आणि सारांश वाचून ४२० बाजूला गेल्या, राहिलेल्या ७० पेपरांचा पूर्ण मजकूर वाचला, आणि त्यांतील २३ निकषांत बसले. आकडे काल्पनिक आहेत, पण कोणत्या पायरीवर किती नोंदी गळल्या हे दाखवणारी जी आकृती आढाव्यात द्यायची असते, तिच्यातला उतार असाच असतो. पूर्ण मजकूर वाचून वगळलेल्या ४७ पेपरांपैकी प्रत्येकाचे कारण लिहावे लागते. 'अनावश्यक' हे कारण चालत नाही. 'प्रौढ रुग्ण नाहीत' किंवा 'तुलनेचा गट नाही' असे नेमके कारण हवे.

ही आकृती 'प्रिझ्मा' या मार्गदर्शिकेने रूढ केली. तिची सुधारित आवृत्ती २०२० ची असून तीत २७ मुद्दे आहेत, आणि स्कोपिंगसाठीची वेगळी आवृत्ती २०१८ ची आहे. पण प्रिझ्मा ही काम कसे सादर करावे हे सांगणारी यादी आहे, काम कसे करावे याची पद्धत नव्हे. 'प्रिझ्मा पद्धतीने आढावा घेतला' असे वाक्य लिहिणारा विद्यार्थी जाणकार परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत छाननी दोघांनी एकमेकांचे न पाहता करायची असते आणि मतभेद चर्चेने सोडवायचे असतात. पीएच.डी.चा विद्यार्थी एकटा असतो, म्हणून सहाध्यायाला विनंती करून निदान काही नोंदींची दुहेरी छाननी करावी. 'रय्यान' या साधनात ती सहज होते. तेही जमले नाही, तर एकट्याने छाननी केल्याचे मर्यादांमध्ये लिहावे.

सहावा टप्पा : पारख आणि टिपणे

दर्जाची पारख सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत टाळता येत नाही. अभ्यासाच्या प्रकारानुसार तपासणीच्या याद्या तयार मिळतात. जोआना ब्रिग्ज इन्स्टिट्यूटच्या याद्या नवख्यालाही समजतील इतक्या स्पष्ट आहेत. टिपणांसाठी वहीपेक्षा तक्ता बरा, आणि त्याचे रकाने प्रश्नातून यावेत. केळीच्या उदाहरणात एक ओळ अशी दिसेल : प्रयोगाचे गाव, लागवडीचा महिना, बाग, वाण, झाडांमधील अंतर, तुलनेतील सिंचनाची रीत, उत्पादन मूळ एककात, उत्पादन हेक्टरी टनांत, प्रयोगाच्या पुनरावृत्ती. मूळ एककाचा रकाना ठेवला नाही, तर रूपांतरात काही चुकले आहे का, हे नंतर तपासता येत नाही.

सातवा टप्पा : लेखन

परिच्छेदाची सुरुवात लेखकाच्या नावाने न करता मुद्द्याने करावी. 'शाळकरी मुलांच्या सिकल सेल तपासण्यांवर बरेच काम झाले आहे, पण गरोदर स्त्रियांवर फारच थोडे' असे वाक्य आधी, आणि त्याला आधार देणारे अभ्यास त्यामागून. अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी असतील तर दोन्ही बाजू मांडून थांबू नये. विरोध नमुन्याच्या फरकामुळे आला, चाचणीच्या रीतीमुळे की काळामुळे, हे सांगण्याचा प्रयत्न करावा.

साहित्यचोरीचा धोका सर्वांत जास्त याच प्रकरणात असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण सारांशातील वाक्ये उचलत गेल्यास ही मर्यादा एकट्या दुसऱ्या प्रकरणातच ओलांडली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी सुचवलेला प्रत्येक संदर्भ मूळ नियतकालिकात उघडून पाहावा. अस्तित्वातच नसलेले लेख ती साधने बिनदिक्कत देतात.

आढाव्याच्या प्रकाराचे नाव शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहावे, आणि जे केले तेच नाव द्यावे. दोन भांडारांत शोध घेऊन, एकट्याने निवड करून, दर्जा न पारखता लिहिलेल्या चांगल्या नॅरेटिव्ह रिव्ह्यूला 'सिस्टिमॅटिक' म्हटले, तर तो चांगला नॅरेटिव्ह रिव्ह्यूही उरत नाही, कारण परीक्षक त्याला न केलेल्या कामाच्या कसोटीवर तपासतो.

शेवटच्या शोधाची तारीख पद्धतीच्या भागात द्यावी. आढावा लिहून झाल्यापासून प्रबंध सादर होईपर्यंत एक-दोन वर्षे सहज जातात, म्हणून सादर करण्याच्या सुमारे दोन महिने आधी त्याच शोधओळी त्याच भांडारांत पुन्हा घालाव्यात, नव्याने निकषांत बसणारे पेपर तक्त्यात आणि आकृतीत वाढवावेत, आणि एखाद्या नव्या पेपरमुळे आधीचा निष्कर्ष डळमळत असेल तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा.